दोरी, फक्की आणि पाणी: सोलापुरात पंचवीस हंगाम मैदान आखल्यावर

तू विचारलंयस ते थोडक्यात असं: वय बावीस, टॉवेलच्या कारखान्यात काम. दिवाळीनंतर गल्लीतली पोरं स्पर्धांच्या कामाला जातात, कुणी मैदान आखायला, कुणी मॅट टाकायला, कुणी मॅरेथॉनला. "काका, तुम्ही हे इतकी वर्षं केलंत. यात काही राम आहे का? आणि आता तुम्हाला काय वाटतं?"

आधी एक सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते तुझं तुला ठरवता येईल. १९९६ च्या दिवाळीपासून २०२२ च्या चैत्रापर्यंत मी हे काम केलं. मधला कोरोनाचा एक हंगाम कोरा गेला, तो सोडला तर पंचवीस भरतात. एवढ्या वर्षांत मी एकही अंतिम सामना शेवटच्या शिट्टीपर्यंत पाहिलेला नाही. शेवटची दहा मिनिटं राहिली की आम्ही मागं टेम्पो लावून उभे. टाळ्या ऐकू आल्या की समजायचं, संपलं, उचला. तेव्हा खेळाची हौस म्हणून येणार असशील तर येऊ नकोस. पायऱ्यांवर बस, शेंगा खा, मजेत बघ.

आता काम. लोकांना वाटतं ही हमाली आहे. हमाली आहेच, पण ती कुणीही करतंय. पैसे मिळतात ते मोजमापाचे आणि पाण्याचे. हे कळायला मला चार हंगाम लागले.

पहिल्या वर्षी मुकादमानं माझ्या हातात दोरी दिली आणि म्हणाला, "कबड्डीचं धर बे." मी लांबी धरली तेरा मीटर, रुंदी धरली दहा, चार खुंट्या ठोकल्या आणि फक्की, म्हणजे रेषा आखायची पांढरी भुकटी, मारायला घेतली. तो आला, कोपऱ्यातून कोपऱ्यात टेप लावला, दुसऱ्या दोन कोपऱ्यांत लावला आणि हसला. दोन्हींत वीतभराचा फरक. चारही बाजू बरोबर होत्या, पण मैदान पतंगासारखं तिरकं झालं होतं. गवंडी भिंत गुण्यात, म्हणजे काटकोनात, घेतो तसं मैदान गुण्यात घ्यावं लागतं, आणि उघड्या मैदानावर भला मोठा गुण्या म्हणजे कर्ण. पुरुषांच्या कबड्डीचं मैदान १३ बाय १०, कर्ण १६.४० मीटर. महिलांचं १२ बाय ८, कर्ण १४.४२. मोठ्या गटाच्या खो-खोचं २७ बाय १६, कर्ण ३१.३८. व्हॉलीबॉलचं १८ बाय ९, कर्ण २०.१२. हे आकडे मला आजही झोपेतून उठवून विचार.

यातली एक गंमत मला फार उशिरा कळली. व्हॉलीबॉलचा कर्ण आणि क्रिकेटच्या खेळपट्टीची लांबी जवळजवळ सारखीच आहे. बावीस यार्ड म्हणजे २०.१२ मीटर. एका दोरीत दोन खेळ. मुकादमाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "मला काय सांगतोस, ती दोरी मीच बनवलीय."

त्या दोऱ्या सुती होत्या. ठरलेल्या मापावर गाठ आणि गाठीत कापड विणायच्या मागावरून आणलेली रंगीत चिंधी. कबड्डीला लाल, खो-खोला हिरवी, व्हॉलीबॉलला पिवळी. दर वेळी टेप सोडत बसायला नको. पण सुती दोरीची एक खोड असते: ओली झाली की आखडते. एका वर्षी जिल्ह्याच्या निवड चाचणीला आदल्या रात्री मैदानावर पाणी मारलं आणि दोरी तिथंच चिखलात राहिली. सकाळी तिच्यावरच खो-खोचं मैदान आखलं. पंचांनी टेप लावला तर लांबी चांगली टीचभर कमी. दोन्ही संघ वॉर्म-अप करून उभे, आणि मी भर मैदानात गुडघ्यावर बसून फक्की खराट्यानं पुसतोय. त्यात चूक पंचांची नव्हती, मुकादमाची नव्हती, दोरीचीही नव्हती. तेव्हापासून दोरी उशाशी घेऊन झोपायचो म्हटलं तरी चालेल.

फक्कीचंही असंच. आज पोती तयार येतात. आमच्या सुरुवातीला लांबच्या गावात फक्की मिळाली नाही की कुणीतरी चुनाभट्टीचा चुना आणून द्यायचा. मी एकदा तो न चाळता, न तपासता कबड्डीच्या मैदानावर मारला. कळीचा चुना पूर्ण विझलेला नसेल तर घामाला लागला की भाजतो. कबड्डीत चढाई करणारा पोरगा तर रेषेवर हात टेकणारच. मध्यंतरापर्यंत तीन पोरांचे तळवे लाल झाले, एकाच्या कोपराला फोड आला. सामना थांबवून सगळ्या रेषा खरवडल्या आणि त्या जागी लाकडाची राख मारली. राख उठून दिसत नाही, पण कुणाला चावत नाही. एवढं लक्षात ठेव: ज्या रेषेवर माणूस अंग टाकणार, ती रेषा आधी आपल्या मनगटाला ओली करून लावून बघायची.

आता पाणी. सोलापुरात हा विषय काढला की सगळे हसतात, कारण आपल्याकडं नळाला पाणी काही दिवसांआड. उजनी धरण भरून वाहत असली तरी आपला नंबर येईल तेव्हाच. आता मैदानाला पाणी कधी लागतं? स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी. ती संध्याकाळ तुझ्या भागाच्या पाण्याच्या दिवशी येईलच असं नाही. म्हणून आयोजक हार-तुरे, बॅनर, पाहुणे यांत गुंतलेले असतात तेव्हा आपण टँकरवाल्याला फोन लावायचा. मी मुकादम झाल्यावर पहिलं काय केलं असेल, तर कुठल्या भागाला कधी पाणी येतं याचा कागद खिशात ठेवला.

आणि पाणी किती? आपली काळी माती कापसाची. कमी मारलं तर धूळ उडते आणि भेगा उघड्याच राहतात. जास्त मारलं तर ती बुटाला चिकटून चपलेची खडाऊ होते. संध्याकाळी एकदा भरपूर, रात्रभर मुरू द्यायचं, पहाटे माती बोटाला लागेल पण चिकटणार नाही अशी झाली की रोलर, मग नुसता शिडकावा. बोट खुपसून बघायचं. हे शिकवता येत नाही, बोटालाच शिकावं लागतं. खो-खोचे खांब तर काळ्या मातीत नुसते पुरायचेच नाहीत. सकाळी घट्ट वाटतात, माती सुकून आवळली की दुपारी हलायला लागतात, आणि खांबाला हात घालून पूर्ण वेगात वळणाऱ्या पोराच्या खांद्याची वाट लागते. खड्डा मोठा घ्यायचा, विटांचे तुकडे आणि मुरूम पहारीनं ठासून भरायचा.

गड्ड्याची यात्रा भरते त्या होम मैदानावर किंवा यात्रा-मंडप झालेल्या कुठल्याही जागेवर काम असलं तर अजून एक. सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा उठली की त्या मातीत खिळे, तारा, बाटल्यांची बुचं किती असतात ते मोजता येणार नाही. आमच्या टोळीत एक पद्मशाली मामा होते, तेलुगू बोलणाऱ्या विणकर समाजातले, पूर्व भागातले, रात्री मागावर आणि दिवसा आमच्याबरोबर. त्यांनी फुटक्या लाऊडस्पीकरचा लोहचुंबक काढून त्याला सुतळी बांधली होती. पोरं मैदानभर तो कुत्र्यासारखा ओढत फिरवायची. एका फेरीत मूठभर खिळे निघायचे. स्पर्धेत कुणाच्या पायात खिळा गेला नाही याबद्दल कुणी हार घालत नाही, हे तू समजूनच ये.

यात्रेचं निघालंच आहे तर वेळेचं गणितही सांगतो. जानेवारीत अक्षता, होम, शोभेचं दारूकाम हे सगळं संक्रांतीच्या आसपास. पण होम मैदानावर पाळणे आणि दुकानं त्याच्या आधीपासून लागतात आणि नंतरही बरेच दिवस असतात. त्या काळात शहरात मंडपवाला, जनरेटर, टेम्पो, अगदी ताडपत्री शिवणाराही मोकळा नसतो. आणि नेमकं त्याच महिन्यात थंडी चांगली म्हणून शाळांच्या स्पर्धा, मॅरेथॉन, क्रिकेट सगळं येतं. बाहेरगावचे आयोजक हे विसरतात आणि मग दुप्पट दर मोजतात. आपण टोळीवाल्यानं आधीच सांगून ठेवायचं: संक्रांतीच्या आठवड्याचं काम पाहिजे असेल तर दिवाळीत विसार द्या.

कुस्तीबद्दल जरा जास्त लिहितो, कारण माझा जीव तिथं रमायचा. माघ संपला की गावोगावच्या जत्रा, आणि जत्रेत कुस्तीचा फड. तालमीतला हौद वर्षभर पोसलेला असतो. चाळलेली तांबडी माती, तिच्यात हळद, तेल, ताक, लिंबू, काव, कापूर. फडाचं तसं नसतं. वर्षभर जिथं बैल बांधलेले असतात किंवा गाड्या उभ्या असतात तीच जागा चार दिवसांत मऊ करायची. आम्ही पहिल्या दिवशी हातभर खणायचो, दुसऱ्या दिवशी ढेकळं फोडून चाळायचो, तिसऱ्या दिवशी पाणी, चौथ्या दिवशी परत फावडं. चाळण बारीकच पाहिजे. पैलवान पाठीवर पडतो तेव्हा हरभऱ्याएवढा खडा त्याला दगडासारखा लागतो.

मग हलगी वाजायला लागते आणि रेवड्यांवरच्या कुस्त्या सुरू होतात. लहान लहान पोरं, लंगोट बापानं आवळून बांधलेला. नंतर नारळावरच्या, मग शंभराच्या, पाचशेच्या, आणि मोठी जोड दिवस मावळताना. आमचं काम दर पाच-सहा कुस्त्यांनी आत जाऊन माती उलटी करायचं. ती तुडवून घट्ट होते ना. आत जायला अर्धा मिनिट मिळतो, फड भरलेला असतो, लोक ओरडतात, "निघा रे बाहेर." मी त्या अर्ध्या मिनिटासाठी जगायचो, हे आता कबूल करायला हरकत नाही. अनवाणी पायाला ती कोमट, ओली माती लागायची. महाराष्ट्र केसरी १९६१ पासून चालू आहे आणि आता त्यात मातीबरोबर गादी, म्हणजे मॅटवरचा, गटही असतो. २०२३ ला ती गदा मोहोळच्या सिकंदर शेखनं मिळवली तेव्हा मी घरी टीव्हीपुढं होतो आणि शेजाऱ्याला सांगत होतो की मोहोळच्या बाजूची माती कशी आहे. शेजारी कंटाळला.

मॅटचं काम तुलनेनं कोरडं. कबड्डीला एक मीटर बाय एक मीटरचे तुकडे, कडा दातेरी, एकमेकांत बसवायचे. नुसत्या मैदानालाच १३० लागतात, बाहेरची पट्टी वेगळी. एवढं ऊन असलेल्या गावात त्याची मेख अशी, की हे तुकडे उन्हानं फुगतात. पहाटेच्या गारव्यात ठोकून घट्ट बसवलेत तर दुपारी मधोमध पापडासारखे वर येतात. दुपारी तापलेले बसवलेत तर रात्री दिव्यांखाली फटी पडतात. सामना संध्याकाळी असेल तर ऊन कलल्यावर, मॅट हाताला गार लागायला लागली की बसवायची, आणि तोवर तिच्यावर पांढरं कापड टाकून ठेवायचं. पट्टे ओढताना मामा "ओकटी, रेंडू, मूडू" म्हणायचे आणि तिसऱ्याला सगळे ओढायचे. कन्नड बोलणारी पोरंही तेलुगूतच मोजायची. दिवाळीच्या आसपासच्या दिवसांत दिव्यांवर किडे येतात आणि मॅटवर पडून घसरण होते. त्यासाठी मैदानापासून लांब, अंधाऱ्या कोपऱ्यात एक पिवळा दिवा आधीच लावायचा. अर्धे किडे तिकडं जातात. उरलेल्यांसाठी ओलं फडकं आणि आपल्याच गावचा टॉवेल.

टेनिसला मी चार-पाच वेळाच गेलो. तिथं आमच्यासारख्यांना जाळीचं काम. मध्यभागी उंची ९१.४ सेंटिमीटर, म्हणजे बरोबर ३६ इंच, खांबांपाशी १.०७ मीटर. सकाळी आणि दुपारी दोन्ही वेळा मोजायची, कारण दोर सैल पडतो. बाकी शिस्त कडक, बोलणं हळू, चहा वेळेवर. जुने चेंडू बाद झाले की आमच्या पोरांच्या गल्ली क्रिकेटला यायचे, हाच बोनस. बार्शीची प्रार्थना ठोंबरे २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये सानिया मिर्झाबरोबर दुहेरीत खेळली, त्यानंतर चेंडू उचलायला येणाऱ्या पोरांच्या आयांची चौकशी एकदम वाढली, एवढं मी डोळ्यांनी बघितलं.

मॅरेथॉनला तू जाशीलच, कारण तिथं सगळ्यांत जास्त माणसं लागतात. अर्धी मॅरेथॉन २१.०९७५ किलोमीटर. मार्ग रीतसर प्रमाणित करायचा असेल तर सायकलच्या चाकाला मोजयंत्र लावून मोजतात, आणि कमी भरू नये म्हणून दर किलोमीटरला मीटरभर जादा धरतात. ते काम जाणकारांचं. आपल्या वाट्याला पहाटे तीनला कठडे, बाणांच्या खुणा आणि पाण्याची टेबलं. टेबल चढाच्या पायथ्याशी लावू नकोस, चढ संपल्यावर लाव. पेले अर्धेच भर. कचऱ्याचा डबा टेबलापाशी ठेवलास तर फुकट, पन्नास-साठ पावलं पुढं ठेव. पळणारा पाणी पिऊन मग टाकतो, हे बऱ्याच जणांना सुचत नाही.

आता तुझा खरा प्रश्न. यात राम आहे का?

१९९६ ला मला दिवसाला ५० रुपये आणि दोन वेळचं जेवण मिळायचं. जेवण म्हणजे बहुतेक वेळा कडक भाकरी आणि शेंगाची चटणी, कारण ती दोन्ही खराब होत नाहीत. मागावर याहून थोडं जास्त मिळत होतं, पण इथं आठ दिवसांत पैसे रोख हातात. तिसऱ्या हंगामात माझं डोकं फिरलं. सलग चार स्पर्धा मिळाल्या आणि मी माग सोडला. वाटलं, आता हेच. होळी झाली, ऊन चढलं, बेचाळीस-त्रेचाळीस अंश तापमानात कोण स्पर्धा घेतो? शाळांना सुट्ट्या लागल्या. मग पाऊस, मग गणपती. गणपतीत मंडपाचं काम मिळालं तेवढंच. त्या वर्षी बायकोनं विड्या वळून घर चालवलं. पुढच्या पावसाळ्यात परत त्याच मालकाकडं मागावर गेलो, पगार पहिल्यापेक्षा कमी घेतला आणि एक अट घातली: कार्तिक ते चैत्र मला दिवसपाळी नको, रात्रपाळी द्या. ती अट मी शेवटपर्यंत पाळून घेतली. झोप गेली, पाठ गेली, पण घर चाललं. म्हणून माझं उत्तर असं, की हंगाम कर, पण कारखाना सोडून करू नकोस. मालकाशी आधी बोल. रात्रपाळीला माणूस कमी पडतोच.

पैसे बुडतात, हेही लिहून ठेव. एका मोठ्या स्पर्धेत आमचे अकरा जणांचे नऊ दिवसांचे पैसे बुडाले. आयोजक नाव घेण्यासारखा नाही आणि मी घेणारही नाही. बक्षिसाच्या मोठ्या चेकसोबत फोटो काढले, आम्हाला म्हणाला, "सोमवारी या." तो सोमवार अजून यायचाय. माझ्या टोळीचे पैसे मी घरातून दिले, दोन वर्षांत फेडले. तेव्हापासून नियम: निम्मे खुंटी ठोकायच्या आधी, पाव भाग पहिल्या सामन्याच्या सकाळी, उरलेले मॅट गुंडाळायच्या आधी. गुंडाळल्यावर नाही. मॅट जमिनीवर आहे तोवर माणूस तुला ओळखतो. कागदावर दोन ओळी आणि सही घे, मोबाइलवर मेसेज घे.

आणि अंगाचं बघ. रोलरखाली पाय, जनरेटरची उघडी वायर, मनोऱ्यावरून दिवा लावताना पडणं, हे तिन्ही मी बघितलंय. मनोऱ्यावरून पडलेला आमचाच पोरगा होता, जगला, पण हात सरळ होत नाही. तेव्हा आमच्याकडं कसलाच विमा नव्हता. आता बँक खात्यातून वर्षाला २० रुपये कापून दोन लाखांचा अपघात विमा मिळतो, प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना नावाचा. असंघटित कामगारांच्या सरकारी नोंदणीचं ई-श्रम कार्डही काढ. दोन्हीला मिळून अर्धा दिवस जातो. तेवढं केल्याशिवाय मनोऱ्यावर चढू नकोस, मुकादम कितीही ओरडला तरी.

काय वाटतं म्हणशील तर एक सांगतो. २०२४ च्या जानेवारीत आपल्या पार्क मैदानावर रणजी सामना झाला, महाराष्ट्र विरुद्ध मणिपूर. कित्येक वर्षांनी सोलापूरला रणजी आली होती. काम सोडून मला दोन वर्षं होत आली होती, म्हणून ठरवून प्रेक्षक म्हणून गेलो. सकाळीच जाऊन बसलो. शेजारचे लोक फलंदाजांची नावं घेत होते आणि मी बघत होतो की क्रीजची रेषा कुणी मारलीय, हात स्थिर आहे का, रोलर कुठं वळवतात. उपाहाराच्या सुट्टीत मैदानावर चार पोरं आली, वाकली, काहीतरी दुरुस्त केलं आणि गेली. मी त्यांच्यासाठी टाळ्या वाजवल्या. पुढच्या रांगेतल्या माणसानं वळून बघितलं. आणि सवयीनं, शेवट व्हायच्या आतच उठून घरी आलो.

तुला यायचंच असेल तर कार्तिकी एकादशीच्या आधी भेट. टोळी आता मामांचा मुलगा चालवतो, त्याला मी सांगून ठेवीन. तिन्ही दोऱ्या माझ्याकडं खिळ्याला टांगलेल्या आहेत, त्या घेऊन जा. फक्त वापरायच्या आधी टेप लावून बघ. गेल्या पावसाळ्यात पत्रा गळत होता, हिरवी चिंधीवाली भिजलीय.